खाडीकाठची पुढारीनबाय

पुढारीनबायला कुणी खुर्ची पुढे केली की ती म्हणायची, "राहू दे, मना भांडायचं हाय," आणि सरळ जमिनीवर मांडी घालून बसायची. नव्या मुंबईतल्या किती तरी सरकारी कचेऱ्यांच्या फरश्यांवर ती अशी बसलेली होती. गावठाणात नळाला पाणी येत नव्हतं, तेव्हा गावातल्या बायकांना घेऊन ती एका मोठ्या साहेबांकडे गेली होती. साहेबांनी खुर्च्या मागवल्या. पुढारीनबाय टेबलाजवळ खाली बसली आणि तिच्या मागोमाग बाकीच्या बायकाही बसल्या. टेबलापलीकडून साहेबांना नुसत्या रिकाम्या खुर्च्या दिसायला लागल्या. शेवटी ते उठून अलीकडे आले आणि म्हणाले, "आजी, वर बसा ना." ही म्हणाली, "वर बसली की मी बी सायब झाली. मंग माजी तकरार कोन आयकंल?" मग पँट सावरत साहेबही खाली बसले. पाणी त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी आलं, पण त्या साहेबांबद्दल ती कायम चांगलं बोलायची. "मानूस खाली बसला तवाच मी वलखलं, पानी येनार."

तिचं खरं नाव फार थोड्या लोकांना माहीत असावं. स्वातंत्र्याच्या चळवळीत खाडीकाठच्या बायकांना तिने घराबाहेर काढलं, सभा घेतल्या, दारूच्या दुकानांपुढे धरणं धरलं आणि दोनदा तुरुंगात जाऊन आली, तेव्हापासून ती पुढारीनबाय. होडीत बसून ती गावोगाव जायची. स्वातंत्र्य आल्यावर तिला निवडणुकीला उभं करायचं अनेकांच्या मनात होतं. ती नाही म्हणाली. कारण विचारलं तर सांगायची, "मना लोकांना 'नाय' बोलायला शिकवता येतं. 'होय' बोलून घ्यायला नाय येत."

मी तिला पहिल्यांदा भेटले ती भाडेकरू म्हणून. नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. माझे वडील साताऱ्याकडचे, वाशीच्या बाजारात माथाडी होते. मला पावणे औद्योगिक वसाहतीजवळच्या त्या खाडीकाठच्या गावात शाळेत नोकरी लागली आणि माझा नवरा, दिलीप, पावण्यातल्याच एका रसायनांच्या कारखान्यात सुपरवायझर होता. पुढारीनबायच्या नातवाने, हरेशने, जुन्या घरावर एक मजला चढवला होता आणि वरची खोली भाड्याने द्यायची होती. आम्ही गेलो तेव्हा ती ओट्यावर सुके बोंबील निवडत बसली होती. अंगावर पांढरं खादीचं लुगडं, आगरी पद्धतीने गुडघ्यापर्यंत कसून नेसलेलं. तिने दिलीपकडे निरखून पाहिलं.

"भाड्याचा हरेश बोलंल. मी दोनच गोष्टी इचारतंय. दारू पितोस?"

"नाही."

"बायकोवं हात उचलतोस?"

दिलीप एवढा गडबडला की त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "नाही उचलत, आजी."

"तुना इचारलं नाय, मास्तरीन. त्याला सांगू दे."

दिलीपने घसा साफ करून "नाही" म्हटलं आणि खोली आमची झाली.

तिचं खादीचं लुगडं आणि तिच्या हातातले बोंबील यांचा मेळ बाहेरच्या माणसांना लागत नसे. एकदा पुण्याहून एक सद्गृहस्थ तिची मुलाखत घ्यायला आले होते. तिने त्यांना जेवायला थांबवून घेतलं आणि ताटात कोलंबीचं कालवण वाढलं. ते बिचारे संकोचून म्हणाले, "मला वाटलं, अहिंसा मानता म्हणजे आपण..." ती शांतपणे म्हणाली, "आमचे खाडीवं अहिंसा म्हंजे मानसावं हात उचलायचा नाय. कोलंबीचा इषय तवा निघलाच नव्हता." गृहस्थांसाठी मी वरून बटाट्याची भाजी आणून दिली. तिने ती स्वतःच्या हाताने वाढली आणि त्यांना आग्रह करकरून खाऊ घातली.

पंधरा ऑगस्टला मी तिला शाळेत बोलावलं. हेडमास्तरांनी आदल्या दिवशी मुलांना वीर, रणरागिणी, तेजस्वी असे शब्द फळ्यावर लिहून दिले होते. पुढारीनबाय उभी राहिली आणि म्हणाली, "पोरांनो, त्या दिवशी मी जाम भ्यायली होती." हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. ती पुढे सांगत राहिली. ती मूळची मोरा गावची, लग्न होऊन नुकतीच या गावात आलेली. नवरा मिठागरावर कामाला. स्वतःच्या खाडीचं पाणी उकळून मीठ करायलाही इंग्रज सरकारची बंदी होती, आणि ती बंदी मोडायची असं ठरलं होतं. काठावर तीन दगडांची चूल मांडून तिने पातेलं चढवलं. पोलीस आले. एका शिपायाने पातेल्याला लाथ मारली आणि उकळतं पाणी तिच्या पायावर सांडलं. तिने पातेलं उचललं, पुन्हा भरलं आणि पुन्हा चुलीवर ठेवलं. शिपाई नुसता पाहत राहिला.

"तो बाजूच्या गावचाच व्हता. माजा पाय बगून त्याचे डोल्यात पानी आलं. तवा मना समजलं, यो राज्य आता टिकनार नाय."

पुढच्या रांगेतल्या एका मुलीने विचारलं, "आजी, तुमी त्याला मारलं का नाय?"

"मारलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं, बाय. त्याला वाटलं असतं, लाथ मारली ती बरोबर केली."

त्या मुलीला हे कळलं की नाही, मला माहीत नाही. मी मात्र त्यानंतर वर्गात मुलांच्या भांडणांचा निवाडा करताना हातातली पट्टी टेबलावर ठेवायला लागले, आणि हळूहळू पट्टी घरीच राहायला लागली.

तुरुंगाबद्दल ती माहेराबद्दल बोलावं तशी बोलायची. तिथे एका शिकलेल्या बाईने तिला अक्षरं शिकवली होती. रोज सकाळी ती ओट्यावर बसून, ओळीखाली बोट फिरवत, मोठ्याने पेपर वाचायची. वाचता वाचता पुढाऱ्यांशी तिचं भांडण चालायचं. "खोटं बोलतोस," ती फोटोकडे बघून म्हणायची आणि पान उलटायची. माझ्या वर्गातल्या दोन-तीन मुलांच्या आयांना तिनेच ओट्यावर अक्षरओळख करून दिली होती. शिकवताना ती फार कडक होती. चुकलं की म्हणायची, "इंग्रजाचे तुरुंगात मी शिकली. तू आपले राज्यात बसून चुकतंस?"

आम्ही तिथे राहायला गेल्याला तीनेक वर्षं झाली असतील. खाडीतले मासे मरायला लागले. आधी थोडे, मग भरतीच्या पाण्याबरोबर पोटं वर करून मेलेले मासे काठाला येऊन पडायला लागले. पाण्याला एक उग्र, घशात बसणारा वास यायचा. खाडीत पाय घालून निवटे, खेकडे धरणाऱ्या बायकांच्या पायांना फोड यायला लागले. गावातल्या जमिनी तर नवी मुंबई वसवताना केव्हाच गेल्या होत्या. आता खाडीही गेली तर काय राहतं, असं जो तो बोलायला लागला. सगळ्यांचा संशय एकाच कारखान्यावर होता. तो दिलीपचा कारखाना होता.

देवळात बैठक झाली. मी बायकांमध्ये मागे बसले होते. हरेश तेव्हा सव्वीस-सत्तावीस वर्षांचा असेल. अंगाने दांडगा, बोलण्यात तापट, पोरांचा म्होरक्या. तो म्हणाला, "अर्ज करून झालं, भेटून झालं. आता एक टँकर पेटला की समदे ठिकानावं येतील." पोरांनी माना डोलावल्या. मग तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "आनि आपलेच घरात वरचे मजल्यावं कारखान्याचा मानूस ठेवून आपुन गेटवं काय बसनार?"

पुढारीनबाय म्हणाली, "तो मानूस नोकरी करतो. भांडान मालकाशी हाय. आनि आयकून ठेवा समद्यांनी. त्याला कोनी काय बी इचारायचं नाय. आत काय चालतं, पानी कय सोडतात, काय बी नाय. ज्याचं पोट दुसऱ्याचे हातात हाय, त्याला पेचात धरायचं नाय."

दुसऱ्या दिवसापासून गावातल्या बायका कारखान्याच्या फाटकाशी बसायला लागल्या. पुढारीनबायचे नियम होते. कामगारांना अडवायचं नाही. शिव्या द्यायच्या नाहीत. माल नेणाऱ्या गाड्यांपुढेच फक्त बसायचं. दिलीप सकाळी फाटकाशी पोचायचा तेव्हा ती गुडघा आखडून वाट करून द्यायची आणि म्हणायची, "जा बाला, उशीर व्हईल." त्याला ते शिवीपेक्षाही लागायचं. एकदा तो डबा विसरून गेला. मी शाळेत जाता जाता डबा घेऊन फाटकाशी गेले, तर वॉचमन मला आत सोडेना. पुढारीनबायने माझ्या हातातून डबा घेतला आणि वॉचमनला हुकूम केला, "आत दे. आंदोलन पान्याचं हाय, जेवनाचं नाय." वॉचमन निमूट डबा घेऊन गेला.

घरी दिलीप कारखान्याचं नाव काढायचा नाही. एकदा मीच विचारलं, "पाणी तुमच्याकडनंच जातं का?" तो म्हणाला, "तू तरी नको विचारूस." मला उत्तर मिळालं होतं. पण माझ्या पोटात तेव्हा बाळ होतं आणि त्याची नोकरी गेली तर काय, हा विचार मलाही सोडत नव्हता. मी पुन्हा विचारलं नाही. जिन्यातून खाली उतरले की पुढारीनबाय हाक मारायची, पोटाला हात लावून बघायची, आणि सुक्या जवळ्याची चटणी हातावर ठेवायची. ज्या एका माणसाला सगळं माहीत होतं, तो तिच्या डोक्यावरच्या खोलीत झोपत होता. तरी तिने एका शब्दाने विषय काढला नाही.

बरेच दिवस गेले. कारखान्यात माल साठून राहिला आणि मग एका दुपारी पोलिसांची गाडी पुढे घालून टँकर बाहेर काढायचं ठरलं. शाळा सुटल्यावर मी तिथे पोचले तेव्हा फाटक उघडलं होतं. एका बाजूला पोलीस काठ्या घेऊन उभे होते. रस्त्याच्या दुसऱ्या कडेला, गटाराचं काम चालू होतं तिथल्या खडीच्या ढिगाशी, हरेश आणि त्याची पोरं. मधे बसलेल्या बायका. टँकर सुरू झाला आणि पहिला दगड त्याच्या काचेवर आला.

पुढारीनबाय उठली. तिने पोलिसांकडे पाठ केली आणि पोरांकडे तोंड करून चालायला लागली. हात पसरलेले, पांढरं लुगडं, डोक्यावरचा पदर खांद्यावर आलेला. "पोरांनो, नाय," एवढंच ती म्हणत होती. पोरं थांबत होती. पण हरेशच्या हातातला दगड तोवर सुटला होता. तो तिच्या कपाळावर लागला आणि ती जागच्या जागी खाली बसली.

टँकरच्या ड्रायव्हरने स्वतःहून इंजिन बंद केलं. हरेश धावत आला आणि तिच्यापुढे गुडघ्यांवर पडला. मी तिच्या कपाळावर माझा पदर दाबून धरला होता. इन्स्पेक्टर वाकून म्हणाले, "आजी, कोणी मारला दगड? नाव सांगा, आत्ता उचलतो त्याला."

"मना ठावं हाय कोनी मारला."

"मग सांगा ना."

"सांगनार नाय."

"आजी, मला वर उत्तर द्यायचंय. उगाच टेन्शन नका देऊ. बघितलं नाही म्हणा, विषय मिटला."

"बगितलं तर नाय कसं म्हनू? मी खोटं बोलत नाय, नि नाव बी सांगत नाय. तुमाला कोनाला तरी न्यायचंच आसंल तर मना न्या. मी काय पैल्यांदा जातंय?"

इन्स्पेक्टर सरळ उभे राहिले. त्यांनी टोपी काढून घाम पुसला, टँकर आत घ्यायला सांगितलं, आणि स्वतःच्या गाडीतून तिला दवाखान्यात नेलं.

जखमेला टाके पडले. तिच्यावर रोज पट्टी बांधायची होती. पुढारीनबाय म्हणाली, "नर्स नको. हरेश बांधंल." पहिल्या दिवशी त्याच्या हातातून कापूस दोनदा खाली पडला. ती कपाळ पुढे करून बसली होती. ना राग, ना उपदेश. दगडाचा विषयच तिने काढला नाही. पट्टी बांधून होईपर्यंत ती त्याच्या मित्रांची, रिक्षाच्या परमिटची चौकशी करत राहायची. तो कधी विचारायचा, "दुखतंय काय, आजी?" ती म्हणायची, "दुखतंय." कमी नाही, जास्त नाही, जेवढं होतं तेवढंच सांगायची. तो खाली मान घालून पट्टीची गाठ मारायचा आणि मागच्या दारी जाऊन बराच वेळ तोंड धूत राहायचा. जखम भरेपर्यंत त्याने एकही दिवस चुकवला नाही.

जिन्यावरून दिलीप हे रोज बघत होता. प्रदूषणाची तपासणी करणारे अधिकारी कारखान्यात आले त्या दिवशी मालकांनी त्यांना चहा दिला, स्वच्छ पाण्याच्या टाक्या दाखवल्या. ते निघायच्या बेतात असताना दिलीप पुढे झाला आणि म्हणाला, "साहेब, मागच्या भिंतीकडे या." भरतीच्या वेळी ज्या पाइपातून घाण पाणी नाल्यात आणि तिथून खाडीत सोडत, तो पाइप त्याने सगळ्यांच्या देखत दाखवला. संध्याकाळी तो घरी आला तो नोकरी सोडूनच. म्हणजे मालकांनीच ती सोडायला लावली.

तो वर न येता आधी ओट्यावर गेला. मी जिन्यात उभी होते.

"आजी, मी पाइप दाखवला."

तिने चष्मा काढला. "कोनी सांगितलं तुना? हरेश काय बोलला?"

"कोणी नाही."

"मी तर तुना कदी इचारलं नव्हतं, बाला."

"म्हणूनच गप्प बसवेना," दिलीप म्हणाला. मग तो रडला. मी लग्नानंतर त्याला पहिल्यांदाच रडताना पाहिलं. पुढारीनबायने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "मास्तरीन, चाय ठेव. साखर जास्त टाक."

कारखाना काही महिने बंद राहिला. पाणी शुद्ध करायची यंत्रणा बसवल्यावर तो पुन्हा सुरू झाला. खाडी पूर्वीसारखी झाली असं मी म्हणणार नाही. पण ते मेलेल्या माशांचे थर थांबले आणि बायका पुन्हा पाण्यात पाय घालायला लागल्या. दिलीपला पावण्यात कुणी उभं करेना. ते महिने आमचे ओढाताणीचे गेले. त्या काळात खालून भाजीचं पातेलं वर आलं नाही असा दिवस आठवत नाही. माझं बाळंतपण झालं तेव्हा हॉस्पिटलच्या बाहेर हरेशची रिक्षा दोन दिवस उभी होती. पुढे दिलीपला तळोज्याला काम मिळालं आणि आम्ही पनवेलला राहायला गेलो. निघताना पुढारीनबायने माझ्या मुलीला मांडीवर घेतलं, तिच्या कानाशी तोंड नेऊन काही तरी पुटपुटली. मी विचारलं, "काय सांगितलंत?" ती म्हणाली, "तुना नाय सांगितलं."

नव्वदचं दशक सरता सरता ती गेली. आजारी अशी नव्हती. सकाळी पेपर वाचता वाचता डोळे मिटले, असं हरेशने फोनवर सांगितलं. आम्ही पोचलो तेव्हा खाडीकाठचं स्मशान माणसांनी भरलं होतं. स्वातंत्र्यसैनिक म्हणून सरकारी मानवंदना होती. पोलिसांची तुकडी बंदुका घेऊन रांगेत उभी होती. हवेत फैरी झाडायच्या होत्या.

हरेश चितेजवळून निघून अधिकाऱ्यापाशी गेला. मला वाटलं, आता हा काही तरी बोलून बसणार. त्याने हात जोडले.

"साहेब, तुमी मान देताय, आमी उपकार मानतो. पन बंदूक नको. आमचे आजीसाठी बंदूक नको."

"अहो, ऑर्डर आहे तशी. हा सन्मान असतो," अधिकारी म्हणाले. ते तरुण होते, त्यांनाही अवघडल्यासारखं झालं होतं.

"मना ठावं हाय. तरी बी बोलतंय."

हरेशचा आवाज चढला नाही. तो बाजूलाही झाला नाही. हात जोडलेलेच होते. अधिकारी थोडे दूर गेले, गाडीतल्या वायरलेसवर कुणाशी तरी बराच वेळ बोलले. लोक उन्हात उभे राहिले, कुणी कुरकुर केली नाही. मग ते परत आले आणि हवालदाराच्या कानात काही बोलले. हुकूम सुटला. तुकडीने बंदुका खाली वाळूवर ठेवल्या, टोप्या काढल्या आणि मोकळ्या हातांनी माना खाली घालून उभी राहिली.

हरेशने अग्नी दिला. माझी मुलगी दिलीपच्या खांद्यावर होती. तिने त्याला हळूच विचारलं, "बाबा, पोलीस का रडतायत?" रांगेतल्या एका शिपायाच्या गालावरून खरोखरच पाणी ओघळत होतं, आणि त्याचे दोन्ही हात मोकळे असूनही तो ते पुसत नव्हता.